काकाजींचं कोल्ट पिस्तूल आणि माझा संग्रह: आर्म्स लायसन्सबद्दल जाणकारांनी सांगावं

चावीवाला_नागपूर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागतो.

मी बजाजनगरला राहतो, बँकेत नोकरी करतो. छंद जुन्या यंत्रांचा. चावीची एचएमटी घड्याळं, एक आग्फा क्लिक-३ कॅमेरा, दोन ग्रामोफोन, त्यातला एक चालू. बायको म्हणते घर घड्याळांचं आहे, आपण इथे भाडेकरू.

आमच्या ओळीत एक काकू राहतात. घराणं काटोलकडचं, मालगुजारांचं. मालगुजारी १९५१ सालीच गेली, पण काकाजी शेवटपर्यंत इस्त्रीचं धोतर नेसूनच भाजी आणायला जायचे. २०२२ च्या दिवाळीनंतर ते गेले. मागच्या रविवारी काकूंनी लंबकाचं घड्याळ बंद पडलं म्हणून बोलावलं. घड्याळाला काही नव्हतं, भिंतीवर तिरपं झालं होतं. ते सरळ करून खाली उतरलो तर काकूंनी कपाटातून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी आणून टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "हे पण पाहून घे रे बाबा, चालते का."

कापड सोडलं तर आत कोल्ट कंपनीचं १९०३ चं पॉकेट मॉडेल पिस्तूल.

मी आजवर ते फक्त चित्रात पाहिलं होतं. डाव्या बाजूला स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर) कंपनीचं नाव, हार्टफोर्डचा पत्ता आणि पेटंटच्या दोन तारखा, २० एप्रिल १८९७ आणि २२ डिसेंबर १९०३. उजव्या बाजूला 'ऑटोमॅटिक कोल्ट, कॅलिबर ३२ रिमलेस स्मोकलेस'. मुठीवर अक्रोडाच्या लाकडाच्या फळ्या, त्यात उभ्या घोड्याचा बारीक बिल्ला. रंग म्हणाल तर नवी लोखंडी कढई पहिल्यांदा तापली की कडेला जो निळा चढतो ना, तसा. नळीच्या तोंडाशी मात्र निळा उडून पांढरं पोलाद दिसतंय, कातडी म्यानात घालून-काढून. लोक याला हॅमरलेस म्हणतात, पण हॅमर, म्हणजे बंदुकीचा घोडा, आहे, स्लाइडच्या पोटात लपवलाय. कोटाच्या खिशातून काढताना अस्तरात अडकू नये म्हणून. हे घडवणाऱ्या जॉन ब्राउनिंगसाहेबांचं डोकं! मुठीच्या पाठीला एक दाबपट्टी आहे, ती तळव्याने दाबल्याशिवाय चाप हलत नाही. मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो.

सोबत म्यान आणि कलकत्त्याच्या एका दुकानाची १९३८ ची पावती. आणि संत्राबर्फीच्या डब्यात अकरा काडतुसं.

काकूंचा मुलगा पुण्याला असतो, त्याला यात रस नाही. काकू म्हणतात, "तूच घेऊन जा, तुझ्याकडे नीट राहील." फुकट घेणं मला पटत नाही, योग्य ती किंमत द्यायची तयारी आहे. मला ते चालवायचं नाही. काडतुसं नकोतच. काचेच्या पेटीत घड्याळांशेजारी ठेवायचं, बस.

काकाजींचं लायसन्स डिसेंबर २०२३ ला संपलंय. माझ्याकडे लायसन्स नाही. मी कुठेतरी वाचलं की २०२० मध्ये सरकारने क्युरिओ म्हणजे जुन्या दुर्मिळ शस्त्रांना लायसन्सची अट काढून टाकली. मग नव्वद वर्षांच्या आसपासचं हे पिस्तूल त्यात बसेल का? दुसरं, बंदी असलेल्या बोरांच्या, म्हणजे नळीच्या मापांच्या, यादीत मी 'रिमलेस' हा शब्द वाचला आणि या स्लाइडवरही तोच कोरलाय. तेव्हापासून झोप नाही.

तर्रीपोहे

भाऊ, चारचौघात काय लिहून राहिले तुम्ही! आधी ते जमा करा, मंग पोस्टा टाका. आमच्या मामाच्या घरी बाराबोर होती, दर इलेक्शनला ठाण्यात जमा करून यायचा आन् परत आणायचा. एकदा आणाले उशीर झाला त मामी म्हणे राहू द्या तिथंच, घरात जागा होते.

जुना_कारकून

मी विदर्भातल्या एका बंदुकीच्या दुकानात एकोणीस वर्षं रजिस्टर लिहिलं. आता निवृत्त. चावीवाले, तुम्ही पिस्तुलाचं वर्णन फार छान केलंत, पण त्यातलं एक वाक्यही कायद्याच्या कामाचं नाही. जुनं आहे, देखणं आहे, पेटीत ठेवणार, गोळ्या नकोत, हे सगळं तुमच्या-माझ्यात. कायदा एवढंच विचारतो की यातून गोळी सुटू शकते का. कोल्ट १९०३ तेल घालून ठेवलं तर शंभर वर्षांनीही चालतं, म्हणून तर लोक त्याच्यावर जीव टाकतात.

रिमलेसची भीती आधी काढतो. यादीत .४५ रिमलेस आहे, आणि सोबत ९ एमएमचं सर्व्हिस काडतूस, .३८० आणि .४५५ रिम्ड. ही सगळी फौजेच्या-पोलिसांच्या वापरातली काडतुसं, ती ज्यात बसतील ते पिस्तूल सामान्य माणसाला नाही. तुमचं .३२ आहे, म्हणजे ७.६५ एमएम ब्राउनिंग. ते नॉन-प्रोहिबिटेड, म्हणजे बंदी नसलेलं बोर. गंमत म्हणजे त्या काडतुसाला बुडाशी बारीकशी कड असतेच, कोल्टने तरी रिमलेस कोरून ठेवलं. मात्र कोल्टने १९०८ साली याच चेहऱ्याचं .३८० चंही भावंड काढलं होतं. दुकानात एकदा एक गृहस्थ .३२ म्हणून तेच घेऊन आले होते. तुम्ही ३२ वाचलंय ना डोळ्यांनी? मग झालं.

आता क्युरिओ. फेब्रुवारी २०२० ची गृह मंत्रालयाची दुरुस्ती तुम्ही वाचलीत, पण सगळ्यांसारखं पहिलंच वाक्य वाचलंत. क्युरिओ वर्गातलं शस्त्र घ्यायला आणि बाळगायला लायसन्स नको, बरोबर. पुढचं वाक्य असं की ते वापरायला, सोबत न्यायला, इकडून तिकडे हलवायला लायसन्स लागेल. काकूंच्या कपाटातून तुमच्या पेटीत ते उडत येणार आहे का? आणि जे हत्यार वर्षानुवर्षं लायसन्सवर चढवलेलं होतं ते क्युरिओ आहे, हे तुम्ही-मी ठरवायचं नसतं. लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या. उत्तर येईपर्यंत ते साधं .३२ पिस्तूल समजा.

विकत घ्यायचंच असेल तर रस्ता एकच. तुमच्या नावाने लायसन्स, मग खरेदी. शहरात राहता म्हणजे अर्ज पोलीस आयुक्तांकडे. काटोलला राहत असता तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. ठाण्याचा अहवाल, डॉक्टरचं सर्टिफिकेट, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, हे सगळं होईल. अडेल ते कारणापाशी. अर्जात 'संग्रहासाठी' लिहिलंत तर साहेब चष्म्यावरून बघतील. जिवाला धोका, धंद्याचं स्वरूप किंवा नेमबाजी, असलं काही दाखवावं लागतं. बँकेतली नोकरी म्हणजे रोख घेऊन फिरणं नव्हे. खोटा धोका रंगवू नका, चौकशीला येणारा हवालदार शेजाऱ्यांनाच विचारतो.

किंमतीचंही ऐकून ठेवा. परदेशी पिस्तुलांची आयात सामान्य माणसाला ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे देशात तेव्हा जेवढी होती तीच फिरतात, एका लायसन्सवरून दुसऱ्यावर. वेब्ली स्कॉट, ब्राउनिंगचं १९१०, वॉल्थर पीपीके, आणि हे कोल्ट. आमच्या दुकानात चांगल्या स्थितीतल्या विलायती .३२ ला मालक चार लाखांच्या खाली बोलतच नसे. अमेरिकेत हेच कोल्ट हजार-दीड हजार डॉलरला मिळतं म्हणतात. ज्याला फक्त गरज आहे तो कानपूरचं रिव्हॉल्वर किंवा ईशापूरचं अशनी पिस्तूल घेऊन मोकळा होतो. विलायतीवर पैसे ओतणारा तुमच्यासारखा हौशी.

हौशींचंही एक सांगतो. एकाने बेबी ब्राउनिंग घेतलं, .२५ बोर. पाव किलोच्या आतबाहेर वजन, मुठीत दिसेनासं होतं. घेतल्यावर दोन वर्षं काडतुसांसाठी आमच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी मालकांना पाहिलं की तोच आधी म्हणायचा, "नाहीच ना?" आणि परत जायचा.

कोर्टाची_पायरी

कारकूनकाकांनी खरेदीचं सांगितलं. मी काकूंचं सांगते, कारण मला काळजी त्यांची वाटते आहे.

काकाजी गेले, लायसन्स संपलं, पिस्तूल घरात. म्हणजे आज ते विनापरवाना आहे आणि ते ज्यांच्या ताब्यात आहे त्या काकू आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्राला किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं आणि दंड. वय आणि परिस्थिती पाहून कोर्ट काय करेल ते पुढचं, पण गुन्हा दाखल व्हायला वय आडवं येत नाही. काडतुसंही त्यातच धरतात. बर्फीच्या डब्यातली अकरा मोजून लिहून ठेवा.

आर्म्स ॲक्टचं कलम २१ अशाच घरांसाठी आहे. शस्त्र बाळगणं बेकायदा झालं की विनाकारण उशीर न करता जवळच्या ठाण्यात किंवा लायसन्सधारी विक्रेत्याकडे जमा करायचं. जमा केलं म्हणजे गेलं असं नाही. वारसांचा हक्क राहतो. त्यांनी स्वतःचं लायसन्स काढून परत घ्यावं किंवा लायसन्स असलेल्या माणसाला विकावं. ठरलेल्या मुदतीत दोन्ही केलं नाही तर मात्र सरकारजमा होऊ शकतं.

चावीवाले दादा, कृपा करून ते उचलून स्कूटरच्या डिक्कीत टाकून ठाण्यात जाऊ नका. लायसन्सधारकाच्या लेखी परवानगीने दुसऱ्याला दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी शस्त्र नेता येतं, पण इथे परवानगी देणारा माणूसच हयात नाही. काकूंच्या नावाने अर्ज लिहा: पतीचं निधन, लायसन्सची प्रत, मृत्यूचा दाखला, शस्त्राचा नंबर, काडतुसांची संख्या, उशिराचं खरं कारण. अर्ज आधी द्या, पोचपावती घ्या. पिस्तूल कोणी आणि कसं आणायचं ते त्यांना सांगू द्या.

मुलाला यात रस नाही, हेही एकदा त्याच्याकडून लेखी घ्या. आज नाही म्हणणारे लाखांचा आकडा ऐकल्यावर पुण्याहून रात्रीच्या गाडीने येतात. माझ्याकडे अशी एक केस आहे, जास्त बोलत नाही.

देशीजुगाड

एवढं कशाला? फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) काढून फेकून द्या, झालं शोपीस. माझ्या मित्राच्या आजोबांची तशीच भिंतीवर आहे.

कोर्टाची_पायरी

मित्राला सांगा, उतरवा. कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण शब्द असे आहेत की दुरुस्ती न करता *किंवा करून* जे अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही. पिन पुन्हा बसवता येते. सुटे भाग स्वतः काढून ठेवले तर उलट तुम्ही काय करत होता असा प्रश्न येतो.

जुना_कारकून

आणि १९०३ चं कोल्ट बिघडवायला हात उचलतो तरी कसा माणसाचा! नुसतं पेटीत काही हवं असेल तर .१७७ ची एअर पिस्तूल घ्या, २० ज्यूलच्या आतली, तिला लायसन्स लागत नाही. पण चावीवाल्यांना ते पटणार नाही, मला माहीत आहे. एचएमटीच्या जागी भिंतीवर क्वार्ट्झ लावल्यासारखं.

चावीवाला_नागपूर

काका, पटलं नाहीच. पण काकूंचं ऐकून पोटात गोळा आला. मी सहा दिवस माझ्या काचेच्या पेटीची मापं घेत बसलो होतो आणि त्या माऊलीच्या डोक्यावर काय आहे हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. उद्या अर्ज लिहितो.

चावीवाला_नागपूर (दोन महिन्यांनी)

धागा वर काढतोय, कारण तिघा-चौघांनी खाजगीत विचारलं पुढे काय झालं.

अर्ज दिला. पहिल्या दिवशी घेतला नाही, 'साहेब बंदोबस्तावर आहेत'. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी काकू स्वतः आल्या, काकाजींची काठी घेऊन, आणि बाकावर बसून राहिल्या. अर्ध्या तासात शिक्का मिळाला. मग दोन शिपाई घरी आले, पंचनामा झाला, पिस्तूल आणि अकरा काडतुसं कापडात बांधून लाखेने सील झाली. काकूंनी त्यांना चिवडा दिला. निघताना एकाला म्हणाल्या, "सांभाळून ने, भरलेलं नाहीये पण."

घोळ नंतर झाला. लायसन्सच्या पुस्तकात नंबरचा शेवटचा आकडा ८ आणि पंचनाम्यात ३. म्हणजे कागदावर हे वेगळंच पिस्तूल! काकाजींचं कुठे गेलं आणि हे कोणाचं, असा प्रश्न उभा राहिला. ठाण्यातला एक बाबू काकूंना विचारायला लागला की मालकांकडे दोन होती का. काकूंचा चेहरा पांढरा पडला. तीन चकरा झाल्या. तो नंबर ज्याने वाचला त्याने खिडकीपाशी नेऊन एकदा नीट पाहिलं असतं तर एकही चकर लागली नसती, पण त्याची वाचण्याची खात्री फार दांडगी.

शेवटी मी ठाणेदारांना विनंती केली की घड्याळाचं भिंग आणतो, तुमच्यासमोर बघू द्या. हात लावणार नाही म्हटलं. सील काढून पिस्तूल टेबलावर ठेवलं, मी हात पाठीमागे बांधून, डोळ्याला दहापट भिंग लावून वाकलो. म्यान जिथे घासतं नेमकं तिथे आकड्याचा डावा काठ झिजून सपाट झालेला. पण बॅटरी तिरपी धरल्यावर खाचेची सावली दिसते. दोन्ही पोटं पूर्ण. आठ. ठाणेदारांनी माझंच भिंग घेऊन दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "हे भिंग कुठे मिळते हो?" सीताबर्डीतल्या दुकानाचा पत्ता दिला. दुरुस्तीचा पंचनामा त्याच संध्याकाळी झाला.

पिस्तूल आता एका लायसन्सधारी विक्रेत्याकडे वारसांच्या नावाने जमा आहे. मुलाने सही केली. (हो ताई, आकडा ऐकून रात्रीच्या गाडीने आला होता. पण आईसमोर काही बोलला नाही.) अमरावतीकडच्या एका डॉक्टरांकडे लायसन्स आहे आणि त्यावरच्या दोन शस्त्रांतली एक जागा रिकामी आहे. त्यांचे कागद चालू आहेत. त्यांनी विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारला की मुठीच्या फळ्या मूळच्याच आहेत का. माणूस बरा वाटतो.

मी लायसन्सचा अर्ज केला नाही. कारणाच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे खरं असं काही नव्हतं.

म्यान मात्र माझ्याकडे आलं. ठाणेदारांना विचारून घेतलं, चामड्याला लायसन्स नाही म्हणाले. काकूंनी पैसे घेतले नाहीत, लंबकाच्या घड्याळाची आयुष्यभर मोफत सर्व्हिस असं ठरलंय. पितळी बटणाच्या आतल्या बाजूला हिरवा बुरशीसारखा थर आला आहे आणि घडीवर चामडं तडकायला लागलंय. घड्याळाच्या पट्ट्यांना लावतो ते मेण लावून पाहिलं तर डाग गडद झाला. जुन्या चामड्याचं कोणी केलंय का इथे? काकाजींच्या अंगठ्याची जिथे झीज आहे तो भाग मला तसाच ठेवायचाय.